विहिरीच्या खोदाईत सापडलेला पांढरा दगड नेमका कोणता?

गावाकडे विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोटातून कधी कधी पांढराशुभ्र, लखलखणारा गड्डा निघतो. जमलेल्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. कुणी म्हणतं हिरा, कुणी म्हणतं काच. बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात.

साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथे स्फटिक होऊन बसले. त्यामुळे आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, पोकळीत काय सापडेल याची यादी फार लांब नाही. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, आणि तिचे भाऊबंद अकीक वगैरे, कॅल्साइट, अपोफिलाइट, आणि झिओलाइट गटातले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. उमेदवार मोजके आहेत, म्हणूनच घरच्या घरी ओळख पटवता येते.

आधी एक घोळ निस्तरू. खडक म्हणजे चिवडा आणि खनिज म्हणजे त्यातला एकेक जिन्नस. खनिज निसर्गात आपोआप तयार झालेलं असतं, घन असतं, त्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि अणूंची मांडणीही. काचेत अणू अस्ताव्यस्त असतात, म्हणून काच खनिज नाही. हिमनदीतला बर्फ मात्र सगळ्या अटी पाळतो, म्हणून तो खनिज!

साहित्य

पोलादी सुरी, जुन्या बाटलीची काच, भिंग, लोहचुंबक, पांढरं व्हिनेगर, बाथरूमच्या टाइलचा तुकडा, दोरा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. एवढं पुरतं.

धुवा, पण बघून

जुना टूथब्रश आणि साधं पाणी घ्या. पोकळीत कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे गोळे दिसले, तर हात आवरा. ते ओकेनाइट असू शकतं. त्याचे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.

रंगावर जाऊ नका

क्वार्ट्झ पांढरा असतो, जांभळा असतो, गुलाबीही असतो. स्टिल्बाइट पांढऱ्यापासून पीचसारख्या फिकट नारिंगीपर्यंत काहीही. रंगावरून जवळजवळ खात्रीने ओळखावं असं आपल्याकडे एकच नाव मला सुचतं: पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला गडद निळा कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं आहे. पण बाजारात रंगवलेले दगडही मिळतात, तेव्हा विकत घेताना निळ्याला भुलू नका.

ओरखडा काढून पाहा

ही सगळ्यांत कामाची परीक्षा. फ्रीडरिश मोस याने 1812 मध्ये कठिनतेची 1 ते 10 अशी उतरंड लावली. शंखजिरं 1, हिरा 10. नख साधारण अडीच, काच आणि सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास.

दगडाचं टोक काचेवर दाबून ओढा. चरा पडला तर बहुधा क्वार्ट्झ, कठिनता 7. नाही पडला, तर सुरीचं टोक दगडावर ओढा. कॅल्साइटवर (3) ते सहज रुततं, अपोफिलाइटवर (साडेचार ते 5) थोडा जोर लागतो.

ओरखड्यावरून ओलं बोट जरूर फिरवा. मी एकदा काचेवरची पांढरी रेघ बघून खुशाल ‘क्वार्ट्झ’ अशी चिठ्ठी लावली होती. ती रेघ म्हणजे दगडाचाच भुगा होता, चरा नव्हे. शिवाय सुयांच्या जुडग्यावर ही परीक्षा करूच नका. सुया मोडतात आणि आपल्याला वाटतं दगड मऊ आहे.

तुटलेली बाजू आणि आकार

भिंगातून पाहा. कॅल्साइट तुटलं की शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन पडतात. क्वार्ट्झ बाटलीच्या काचेसारखा, शिंपल्यागत वळणदार फुटतो. अपोफिलाइटला एकाच दिशेने सपाट फुटायची सवय असते आणि त्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक दिसते. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुललेले असतात. ही पेंढी एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

व्हिनेगर

सुरीने थोडा भुगा खरवडा आणि त्यावर दोन थेंब टाका. कॅल्साइट बारीक बुडबुडे सोडतं, क्वार्ट्झ ढिम्म. त्यासाठी संडास धुण्याचं ॲसिड आणायची गरज नाही.

पाण्यातलं वजन

दगड कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर येईल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. 106 ग्रॅमच्या दगडाला 40 आलं, तर उत्तर 2.65, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्साइट 2.71, त्यामुळे या दोघांत इथे निवाडा होत नाही. तो ओरखड्यावर आणि व्हिनेगरवर सोडा. स्टिल्बाइट मात्र 2.2 च्या आसपास येतं, अपोफिलाइट 2.3 ते 2.4. दगडाला काळा पाषाण चिकटलेला असेल, तर हा सगळा हिशेब व्यर्थ.

कस

सोनार कसोटीवर सोनं घासतो, तसं टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर खनिज घासून रेघेचा रंग बघायचा. पांढऱ्या खनिजांना याचा उपयोग नाही, कारण रेघही पांढरीच येते. दगड गोव्याच्या लोहखनिजासारखा जड आणि काळपट असेल, तर मात्र कस हुकमी. हेमटाइट वरून कितीही काळं दिसो, रेघ तांबूसच उमटते. मॅग्नेटाइटची रेघ काळी, आणि ते लोहचुंबकालाही चिकटतं.

एवढं करूनही अडलं, तर जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागात दाखवा, किंवा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन आपला तुकडा कुणाशी जुळतो ते बघा. नेताना सोबत चिठ्ठी हवी: गाव, विहिरीची साधारण खोली, तारीख. ती दगड सापडला त्याच दिवशी लिहा, कारण वर्षभराने विहीर कुणाची होती यावरच वाद सुरू होतो.