अंगावर गोल चट्टे उठले : पित्त की एरिथेमा मल्टीफॉर्म, कसे ओळखावे

ताप-खोकला गेला किंवा ओठावरचे फोड वाळले, आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग हातापायांवर गोल चट्टे उठले. गावात कोणी पित्त म्हणते, कोणी माता आली म्हणते. हा एरिथेमा मल्टीफॉर्मही असू शकतो. यात जंतूंशी लढायला उठलेली आपली प्रतिकारशक्ती कातडीवरच उलटते. बहुतेकदा कारण असतो ओठावर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू. लहान मुलांत मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा छातीचा संसर्गही.

आधी बॉलपेन घ्या. दोन-तीन चट्ट्यांच्या कडेने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. पित्ताची गांधी साधारण 24 तासांत तिथून जाते आणि दुसरीकडे उठते. एरिथेमाचा चट्टा आठवडाभर तरी जागचा हलत नाही.

मग दिवसाच्या उजेडात जवळून पाहा. एरिथेमाच्या चट्ट्यात मधोमध काळसर ठिपका किंवा फोड, भोवती फिकट सुजलेले कडे, त्याबाहेर लाल कडे. रुंदी 3 सेंमीपेक्षा कमी. हाताच्या पाठीवर, कोपर-गुडघ्यांवर, तळहातावर तो जास्त दिसतो. सावळ्या कातडीवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. बोट फिरवून उंचवटा तपासा. काखेत, जांघेत काळी खपली आणि जोराचा ताप असेल तर मात्र स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची शंका घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात, शेतात काम करणाऱ्यांनी हे पाहायलाच हवे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मागच्या दोन महिन्यांतली औषधे कागदावर लिहा: फिट येण्यावरची गोळी, सल्फाची (जंतू मारणारी एक प्रकारची) गोळी, अंगदुखीची गोळी, गावात घेतलेले इंजेक्शन, सगळे. रिकामी पाकिटेही सोबत न्या. स्टीव्हन्स-जॉन्सन हा जिवावर बेतणारा आजार बहुधा औषधाने होतो आणि सुरुवातीला असाच दिसू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना या यादीचा फार उपयोग होतो.

साधा प्रकार 2 ते 4 आठवड्यांत आपोआप बरा होतो. गार पाण्याची घडी दिवसातून तीनदा, 10-15 मिनिटे ठेवा. तोंड सोलले असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. मेडिकलवरून स्टेरॉइडचे मलम स्वतःहून आणू नका. चट्टा बुरशीचा निघाला तर ते मलम त्याला आणखी पसरवते. कपाशीवरची फवारणी कातडी भरेपर्यंत दुसऱ्याकडे द्या.

डोळे लाल झाले, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी दुखू लागली किंवा सुटू लागली, गिळता येईना, तर थांबू नका. 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा आणि नवीन सुरू केलेली गोळी पुढे घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हे चट्टे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. ओठावरचा फोड मात्र लागतो, म्हणून पेला आणि टॉवेल वेगळे ठेवा. वर्षातून अनेकदा असेच उठत असेल तर ओठावर फोड कधी आला आणि चट्टे कधी उठले, दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. त्या पाहून डॉक्टर काही महिने रोज घ्यायची हर्पीसविरोधी गोळी देऊ शकतात.