चिडाच्या शंकूंतली अळी ठाण्यात वाढवायची तर

उन्हाळ्यात ठाण्याहून उत्तराखंडातल्या कुमाऊँला जाऊन चिडाचे, म्हणजे तिथल्या पाइन झाडाचे, किडके शंकू आणायचे असतील, तर आधी तिथल्या वनखात्याची लेखी परवानगी, गोळा करण्याची आणि बाहेर नेण्याचीही. ती नसेल तर शंकूला हात लावू नका. बूट, टोपी, पाणी सांगायला नको.

पिशव्या कागदी. हिरवा शंकू प्लॅस्टिकमध्ये घामेजतो आणि बुरशी धरते. एका पिशवीत एकच शंकू आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी. पिशवीवर नव्हे, पिशवीच्या आत. झाडाखाली उभे असतानाच शिसपेन्सिलीने लिहा: तारीख, गाव, उंची, झाडाची जात, शंकू फांदीवरचा की पडलेला. शाईपेनची शाई ओलाव्याने पसरते. आणि ‘मुक्कामावर गेल्यावर लिहू’ अजिबात नको. संध्याकाळी सगळे शंकू सारखेच दिसतात.

निवडताना खवल्यांच्या फटींत बघा. राळेचा चिकट गोळा आणि त्यात अडकलेली तपकिरी, दाणेदार विष्ठा दिसली की तो शंकू घ्या. भोक कोरडं, रिकामं असेल तर अळी बहुधा निघून गेलेली. आत डोकवायला म्हणून सगळे फोडू नका. कापायला दोन-तीन वेगळे घ्या. त्यांनाही चिठ्ठी.

घरी रुंद तोंडाच्या बरण्या, तळाला दोन बोटं भाजून गार केलेली बारीक रेती. डायोरिक्ट्रिया ॲबिएटेला या शंकू पोखरणाऱ्या पतंगाची पूर्ण वाढलेली अळी शंकू सोडून खालच्या पालापाचोळ्यात कोष करते, म्हणून रेती. तोंडाला स्टीलची बारीक जाळी. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पोचतील. जूनपासून आपल्याकडची हवा इतकी दमट की वरून पाणी शिंपडायची गरजच नाही. बुरशी दिसली की शंकू कोरड्या टिशूवर घ्या. बरण्या ज्या कपाटात ठेवाल त्यातून डांबराच्या गोळ्या आधी काढा, अळ्या मरतात.

शंकू बरणीत टाकताना चिठ्ठीही त्याच बरणीत. घोळ नेमका इथेच होतो: पिशवी कचऱ्यात जाते आणि चिठ्ठी तिच्याबरोबर. देहरादूनला 1906 साली वनसंशोधन संस्था उभी राहिली, तिथे स्टेबिंग वन-प्राणिशास्त्रज्ञ होते. कोणता किडा कोणत्या झाडावर, कुठे आणि कधी, या नोंदींवरच जंगलातल्या किड्यांचं शास्त्र उभं आहे. चिठ्ठी हरवलेला पतंग त्यात काहीच भर घालत नाही.

बारीक परजीवी माश्या निघाल्या तर फेकू नका, त्याही त्याच चिठ्ठीबरोबर ठेवा. रेती रिकामी वाटली तरी उपसू नका, कोष उशिराही फुटतो. पतंग निघाला की पंख पसरून कडक होऊ द्या, मग फ्रीजर, मग पिन. खिडकीतून सोडायचा नाही. या गटातल्या जाती नुसत्या पंखांवरून ठरत नाहीत, जननांग तपासावं लागतं. ते जाणकाराकडे द्या. पिन केलेले पतंग ठेवायच्या पेटीत डांबराची गोळी आता चालेल. प्रत्येक पिनेखाली चिठ्ठी.