ॲशची बी रुजवायची कशी? आधी ऊब, मग थंडी

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणाला ॲशचं झाड बियांपासून करायचं असेल तर आधी एक सांगते, "बी तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा आणि पेरा" हा सल्ला विसरा. बऱ्याच झाडांना तो चालतो, ॲशला अजिबात नाही. लोक तेवढं करतात, काही उगवत नाही, आणि कुंडी रिकामी करून टाकतात तेव्हा आतली बी जिवंतच असते, हे बघून खरंच वाईट वाटतं.

बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पंखवाले झुपके तपकिरी झाले की झाडावरूनच काढा. काही झाडं फक्त नर असतात, त्यांना लागत नाही. चारपाच बिया आडव्या कापून बघा, आत पांढरा घट्ट गर हवा. पंख काढायची गरज नाही, पण पानांचे देठ एकूण एक निवडून टाका. ब्रिटनमध्ये 2012 साली सापडलेल्या ॲश डायबॅक या ॲशच्या रोगाची बुरशी गळलेल्या देठांवरच वाढते. म्हणूनच बी जवळच्याच निरोगी झाडाची घ्या, लांबून मागवू नका.

आता खरी गोम. मलाही हाच टप्पा जमायला सगळ्यात वेळ लागला. आपल्याकडे आंब्याची कोय, फणसाची आठळी मातीत टाकली की उगवते, तीच सवय डोक्यात असते. ॲशची बी झाडावरून उतरते तेव्हा आतला अंकुर अर्धवटच वाढलेला असतो, आणि तो वाढतो फक्त ओलाव्यात आणि उबेत. तो पूर्ण वाढल्यावरच थंडीचा उपयोग, कारण थंडीने त्याची झोप मोडते. क्रम उलटा केला की पहिली थंडी वायाच गेली म्हणून समजा. निसर्गातही असंच होतं, बी एक अख्खा उन्हाळा आणि त्यानंतरचा हिवाळा जमिनीत काढते आणि पेरल्यापासून साधारण दीड वर्षाने वर येते.

घरी करायचं तर बी कोरडी करून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि जूनच्या सुरुवातीला बाहेर काढून दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. मग वाळू आणि कंपोस्ट सारख्या प्रमाणात घेऊन त्यात बी मिसळा, पिशवीत भरा आणि तोंड सैल ठेवा. ओलावा इतकाच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. जास्त ओलं केलं की बी कुजते, पिशवी घट्ट बांधली की गुदमरते, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. 15 ते 20 अंशांत 16 आठवडे ठेवा, खिडकीच्या उन्हात नाही, घरातल्या गार कोपऱ्यात. दर दोन आठवड्यांनी हलवा, कोरडं वाटलं तर थोडं पाणी शिंपडा. सप्टेंबरअखेर तीच पिशवी फ्रिजमध्ये, 3 ते 5 अंशांत, मार्चपर्यंत. फ्रीझरमध्ये नाही! मध्ये उत्सुकतेपोटी बाहेर काढून उबेत ठेवू नका.

एवढी उस्तवार नको असेल तर झाडावरून काढलेली बी लगेच अशाच मिश्रणात घालून कुंडीत भरा आणि ती बाहेर सावलीत ठेवा, वर उंदरांसाठी बारीक जाळी लावा आणि दुसऱ्या वसंतापर्यंत कुंडीला हात लावू नका. ऑगस्टमध्ये हिरवी बी काढून लगेच पेरायची असाही एक मार्ग आहे, जमलं तर पुढच्याच वसंतात रोप येतं, पण माझा त्यावर भरवसा नाही, कारण बी जराशी जास्त पिकली की परत झोपते.

थोड्या बियांतून पांढरं मूळ डोकावलं की सगळ्याच पेरा, वर सेंटिमीटरभर माती पुरे. मार्चमध्येच पेरा, कारण पेरल्यावर एकदम गरम झालं की उरलेल्या बिया पुन्हा झोपतात. कोवळ्या रोपांना वसंतात उशिरा पडणाऱ्या गोठवणाऱ्या दवापासून जपा. पहिली पानं साधी, अखंड येतात, ॲशची पिसासारखी पानं नंतर येतात, तेव्हा तण समजून उपटू नका. पानं गळाल्यावर, हिवाळ्यात, कायमच्या जागी लावा, आणि घरापासून चांगलं लांब, हे झाड 30 मीटरच्या वरही जातं.