शाळेत आनुवंशिकी शिकवायला जाताना : पुण्यातील विद्यार्थी-स्वयंसेवकांसाठी

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात समाजाभिमुख कामाला श्रेयांक मिळू लागल्यापासून पुण्यातील जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शाखांचे बरेच विद्यार्थी प्रयोगांचे साहित्य घेऊन शाळांमध्ये जाऊ लागले आहेत. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत असताना मीही आमच्या गटाबरोबर महानगरपालिकेच्या शाळांत आणि मुळशी, जुन्नर तालुक्यांतील काही शाळांत नववी-दहावीच्या मुलांना आनुवंशिकी शिकवत आलो. या कामात नव्याने येणारे विद्यार्थी बहुधा साहित्याची यादी मागतात. ती खाली ओघाने येईलच, पण त्याआधी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण माझ्या मते सगळे काम तिच्यावर उभे आहे. कोणताही प्रयोग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे. अंदाज लिहिलेला नसेल, तर प्रयोग म्हणजे मुलांच्या दृष्टीने एक सुंदर देखावा ठरतो. अंदाज लिहिलेला असला की तोच प्रयोग प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो.

जाण्याआधी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके वाचून घ्यावीत. नववीला ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ आणि दहावीला विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पाठ आहेत. जनुक, गुणसूत्र, प्रभावी, अप्रभावी, एकसंकर, उत्परिवर्तन हे शब्द मुलांना तिथूनच ठाऊक असतात आणि आपणही तेच वापरावेत. आपले स्वतःचे शिक्षण इंग्रजीत झालेले असल्यामुळे बोलताना अडखळायला होते, म्हणून एकदा तरी मित्रांसमोर संपूर्ण तास मराठीत घेऊन पाहावा. मुले आपल्याला ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणतात, आणि ते तसेच राहू द्यावे. बाईंना किंवा सरांना जे प्रश्न विचारायला ती संकोचतात, ते ताईला आणि दादाला मोकळेपणाने विचारतात.

वेळेचे गणित मुख्याध्यापकांना भेटून आधीच सोडवावे लागते. एका तासिकेत कोणताही प्रयोग धड पूर्ण होत नाही, त्यामुळे सलग दोन तासिका मागाव्यात. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दुपारचे वर्ग सुरू होण्याआधी खोली मोकळी करून द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे काही आठवडे सर्वांत सोयीचे असतात. जानेवारीनंतर दहावीचा वर्ग पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकांत गुंतलेला असतो आणि त्यांना तेव्हा त्रास देऊ नये. शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी असेलच असे नाही, म्हणून बादली, मग आणि जुनी वर्तमानपत्रे आपली आपण न्यावीत.

फळातून डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग बहुतेक सगळेच गट करतात आणि तो करावाच, पण सावकाश. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत येते तेव्हा ती घ्यावी, कारण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे भरपूर डीएनए असतो आणि पिकलेले फळ सहज कुस्करले जाते. एरवी चांगले पिकलेले केळे पुरते. अर्धे केळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलांनी हाताने कुस्करावे. अर्धा कप पाण्यात एक चमचा भांडी घासण्याचा द्रव साबण आणि पाव चमचा मीठ हलक्या हाताने, फेस न होऊ देता मिसळावे, ते पिशवीत ओतून आणखी दोन-तीन मिनिटे चोळावे आणि सगळे मिश्रण पातळ सुती कापडातून गाळून घ्यावे. मग काचेच्या ग्लासच्या कडेने तेवढेच बर्फासारखे थंड आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडावे. हे औषधांच्या दुकानात मिळते. ते आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवून थर्मोकोलच्या डब्यातून न्यावे आणि त्याच्या आसपास काडी, मेणबत्ती, स्टोव्ह काहीही पेटवू देऊ नये. दोन थरांच्या मध्ये थोड्या वेळाने पांढरे, चिकट तंतू तरंगू लागतात आणि खराट्याच्या काडीवर ते गुंडाळता येतात.

यात प्रत्येक टप्प्यावर थांबून ‘आता काय होईल आणि का’ असे विचारावे. साबण ताटाचा तेलकटपणा काढतो हे प्रत्येक मुलाला माहीत असते. पेशीचे आणि केंद्रकाचे पटलही स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते, एवढे सांगितले की साबण कशासाठी घातला हे मुले स्वतःच सांगतात. मिठाचे कारण मात्र आपल्याला सांगावे लागते. डीएनएवर ऋण प्रभार असतो, मिठातील सोडियम तो झाकतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर न लोटता जवळ येतात आणि अल्कोहोलमध्ये विरघळत नसल्यामुळे एकत्र बाहेर पडतात. एका मनपा शाळेत नववीतील एक मुलगी काडीवरचा तंतू उजेडात धरून बराच वेळ पाहत होती. मग तिने विचारले, “ताई म्हणाल्या डीएनए सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, मग हा डोळ्यांनी कसा दिसतो?” यासारखा प्रश्न आला की पुढचे सगळे बाजूला ठेवावे. डीएनएची जाडी सुमारे 2 नॅनोमीटर असते, केसाची साधारण 80,000 नॅनोमीटर. म्हणजे काडीवर दिसतो तो एक रेणू नसून असंख्य रेणूंचा गुंता आहे, आणि त्यात आरएनए, प्रथिने आणि फळातील पेक्टिनही मिसळलेले आहे. हा शुद्ध डीएनए नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. शेजारच्या ग्लासात फळाशिवाय फक्त साबण, मीठ, पाणी आणि अल्कोहोल घेऊन दाखवले, तर तुलना कशासाठी असते हेही त्यांना तिथल्या तिथे कळते.

माझ्या मते याहूनही मोलाचा प्रयोग नाण्यांचा आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगातले 3:1 हे गुणोत्तर मुलांना पाठ असते, पण त्याचा अर्थ ‘चार बियांपैकी तीन गोल आणि एक सुरकुतलेली’ असा ठाम समजलेला असतो. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येकाला एक नाणे द्यावे. प्रत्येक नाणे म्हणजे दोन्ही प्रकारची जनुके असलेला एक पालक; छापा म्हणजे गोल बीचे प्रभावी जनुक आणि काटा म्हणजे सुरकुतलेल्या बीचे अप्रभावी जनुक. दोन्ही नाणी एकदम उडवली की एक बी ठरते; दोन्ही काटे पडले तरच ती सुरकुतलेली. आधी अंदाज लिहून घ्यावा, मग प्रत्येक जोडीने फक्त चार बिया काढाव्यात. नेमके तीन आणि एक असे उत्तर येण्याची शक्यता 64 पैकी 27, म्हणजे सुमारे 42 टक्केच असते, आणि चारही बिया गोल येण्याची शक्यता जवळजवळ 32 टक्के. त्यामुळे अर्ध्याहून अधिक वर्गाचे उत्तर बहुधा ‘चुकते’.

या क्षणी वर्गात फिरत राहावे. एकदा शेवटच्या बाकावरच्या दोन मुलांना चारही बिया गोल आल्या होत्या आणि आपले काहीतरी बिघडले असे समजून त्यांनी रबराने खोडून तिथे तीन आणि एक लिहिले. पुस्तकाशी जुळावे म्हणून निरीक्षण बदलण्याची ही सवय मुलांना प्रात्यक्षिकांच्या वहीतून लागलेली असते, आणि ती सोडवण्याची यासारखी संधी शाळेत क्वचितच मिळते. त्यांना न रागावता खोडलेले आकडे परत लिहायला सांगावेत आणि सर्व जोड्यांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करावी. बिया वाढवत नेल्या की वर्गाचे एकूण गुणोत्तर तीनाच्या आसपास सरकत जाते. मग मेंडेलचे आकडे फळ्यावर लिहावेत : 1866 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या बिया आहेत, म्हणजे 2.96:1. मेंडेलला नेमके तीन मिळाले नव्हते, हे कळल्यावर त्या दोन मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी पाहिला आहे.

जमल्यास खरे वाटाणेही न्यावेत. वाण्याकडचे पांढरे वाटाणे गोल असतात, तर गोड मटाराचे बियाणे वाळल्यावर सुरकुतते. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, म्हणून मुलांनी ते तोंडात घालू नये आणि नंतर हात धुवावेत. ‘जनुक बीला सुरकुत्या कशा पाडते?’ असे कोणी ना कोणी विचारतेच. सुरकुतलेल्या वाणात स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक बिघडलेले असते; त्यामुळे स्टार्च कमी बनते, साखर अधिक राहते, कोवळी बी जास्त पाणी धरते आणि वाळताना आक्रसते. प्रभावी म्हणजे ताकदवान आणि अप्रभावी म्हणजे दुबळे, ही मुलांची समजूत दूर करायला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

आता सर्वांत जपून बोलण्याचा भाग. जुन्या कार्यपत्रिकांमध्ये जीभ गुंडाळता येणे, कानाची पाळी चिकटलेली असणे अशा गुणांची घरच्यांशी तुलना करायला सांगितलेली असते. ती देऊ नये. जीभ गुंडाळण्याचा गुण एकाच जनुकावर ठरतो असे 1940 मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ स्टर्टेव्हंट यांनी सुचवले होते, पण पुढे एकसारख्या जुळ्यांमध्येही फरक आढळला आणि त्यांनी स्वतःच ते मत सोडले. शास्त्र चुकीचे असण्याबरोबरच त्यात दुसरा धोका आहे : वर्गात दत्तक मूल असू शकते, एकट्या आईबरोबर राहणारे मूल असू शकते, आणि अशा तक्त्यावरून एखाद्याच्या मनात आपल्या जन्माविषयी शंका निर्माण होऊ शकते. रक्तगटांचेही तसेच. आई-वडिलांचे रक्तगट वर्गात विचारू नयेत. कल्पित कुटुंब घेऊन उदाहरण सोडवावे. तरीही कोणी ‘आमच्या घरात रक्तगट जुळत नाही’ असे सांगितले, तर त्याला बाँबे रक्तगटाची माहिती द्यावी. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो प्रथम नोंदवला. अशा व्यक्तीकडे ए किंवा बीचे जनुक असले तरी ज्यावर ते खूण उमटवते तो एच हा घटकच नसतो, म्हणून साध्या चाचणीत तिचा गट ओ दिसतो.

लिंगनिश्चितीचा भाग मात्र टाळू नये, उलट त्याला भरपूर वेळ द्यावा. आईकडून नेहमी एक्स येतो, वडिलांकडून एक्स किंवा वाय येतो, हे पुस्तकात आहेच. पण मुलगी झाली म्हणून आईला बोल लावलेला अनेक मुलींनी घरी ऐकलेला असतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1,000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या, हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग शांत होतो. इथेही नाणे वापरावे आणि अंदाज विचारावा : तीन मुलींनंतर चौथे अपत्य मुलगा असण्याची शक्यता वाढते का? बहुतेक हात ‘हो’साठी वर जातात. नाण्याला आधीचे काही आठवत नसते, हे त्यांनी स्वतः उडवून पाहिल्यावर पटते, आणि त्याच जोरावर सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयीही बोलता येते. दोन्ही पालक वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे आजाराचे एकच जनुक असेल, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एकच राहते. एक मूल आजारी असले म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. हा आजार अधिक आढळणाऱ्या नंदुरबार किंवा गडचिरोलीकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांसाठी हा विषय पुस्तकी नसतो, म्हणून कोणाला उद्देशून न बोलता, पण नीट बोलावे.

‘जात जनुकात असते का?’ हा प्रश्न येईल याची तयारी ठेवावी. तो आला की इकडे-तिकडे पाहून विषय बदलू नये. मानवातील बहुतांश जनुकीय वैविध्य कोणत्याही एका समूहाच्या आतच आढळते. जात ही माणसांनी केलेली विभागणी आहे. पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्ने होत राहिल्यामुळे काही अप्रभावी आजारांची जनुके काही समूहांत अधिक आढळतात, हे खरे आहे. पण बुद्धी, कष्टाळूपणा किंवा प्रतिष्ठा यांचा त्यावरून काही निष्कर्ष निघत नाही. याच ठिकाणी मी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याविषयी सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे आयुष्यभर काम केलेल्या कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. युरोपीय आणि इतर वंशांच्या कवट्यांच्या ठेवणीत उच्च-नीच दाखवणारा फरक असतो, असे फिशर यांचे गृहीतक होते. कर्वे यांनी 149 कवट्या मोजल्या आणि असा फरक आढळत नाही, असे आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहून दिले. निरीक्षण खोडून टाकू नये हे नाण्यांच्या वेळी सांगितलेले असते. ते कोणी, कुठे आणि कोणासमोर पाळले, हे मुलांना इथे दिसते.

कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन दाखवायचे असेल, तर मुळे घरी पाण्यावर वाढवून, ॲसिडची प्रक्रिया आपल्या प्रयोगशाळेत पूर्ण करून न्यावी आणि मुलांना फक्त रंगवलेले टोक काचपट्टीवर दाबण्याचे काम द्यावे. फळमाश्या आकर्षक असतात, पण त्यांचे जीवनचक्र 25 अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांचे असल्यामुळे एका भेटीत त्यांचा उपयोग थोडाच. ज्या शाळेत पुन्हा जायचे आहे, तिथेच त्या न्याव्यात.

पाच मुलांचा एक गट आणि दोन गटांमागे एक स्वयंसेवक असे प्रमाण ठेवावे. स्वयंसेवकाने मुलांच्या हातातील साहित्य स्वतः हाताळू नये. उत्तर माहीत असताना गप्प राहणे हे आपल्यासाठी या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि पुढे अध्यापनात किंवा संशोधनात जायचे असेल तर इथे ते शिकता येते. नोकरीच्या किंवा पीएच.डी.च्या अर्जात ‘शाळांत विज्ञानप्रसार केला’ एवढेच लिहू नये. कोणती कृती तयार केली, मुलांचे आधीचे आणि नंतरचे उत्तर कसे तपासले, हे लिहावे. तपासण्यासाठी चौथ्या अपत्याचा तोच प्रश्न तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी नाव न घालता चिठ्ठीवर लिहून घेतला तरी पुरेसे होते.

निघताना शाळेच्या विज्ञान शिक्षकांबरोबर दहा मिनिटे बसावे. कृतीचे एक पानी टिपण, उरलेले अल्कोहोल सोडून बाकीचे साहित्य आणि मुलांच्या चिठ्ठ्यांतील चुकीच्या उत्तरांची यादी त्यांच्याकडे द्यावी, कारण तो पाठ पुन्हा त्यांनाच घ्यायचा असतो. अल्कोहोल आणि रंगद्रव्ये आपल्याबरोबर परत आणावीत.