पुण्याहून लोकलने भाजे आणि कार्ले : एका दिवसाची सहल कशी आखावी

पुणे-लोणावळा लोकलने सकाळी निघून भाजे आणि कार्ले ही दोन्ही बौद्ध लेणी निवांत पाहता येतात आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येतं. त्यासाठी दिवस परतीच्या गाडीपासून उलटा आखायचा. किती वाजताच्या लोकलने परत यायचं ते आधी पक्कं करा, मग मागे मागे येत सकाळची गाडी निवडा.

आदल्या रात्री वेळापत्रक पाहून घ्या. सकाळी आणि संध्याकाळी लोकल बऱ्यापैकी असतात, भर दुपारी मात्र त्या फारच विरळ होतात. म्हणून ‘अर्धा दिवस फिरून दुपारी परत’ हा बेत या मार्गावर जमत नाही. पूर्ण दिवस काढा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी भाज्याच्या धबधब्यामुळे रस्ता माणसांनी भरलेला असतो.

उतरायचं मळवलीला, लोणावळ्याच्या अलीकडच्या स्टेशनवर. तिकीट मात्र लोणावळ्याचं रिटर्न काढा, म्हणजे परतताना मळवली किंवा लोणावळा, कुठूनही चढता येतं. मुंबईहून येणाऱ्यांनी इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरावं आणि पुण्याकडे जाणारी लोकल धरून एक स्टेशन मागे यावं.

आधी भाजे करा. पुण्याहून येताना डाव्या हाताला येते त्या बाजूला बाहेर पडा, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडा आणि भाजे गावाची वाट धरा. गाव येईपर्यंत अर्धा-पाऊण तास चालावं लागतं, त्यानंतर पायऱ्या. लोहगड आणि विसापूर याच बाजूला आहेत. ते बघून मोह होईल, पण गड आणि दोन लेणी एका दिवसात कोंबू नका, धड काहीच पाहून होत नाही.

भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, इ. स. पू. दुसऱ्या शतकातलं. आत गेल्यावर खांबांकडे बाजूने पाहा, ते किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार पेलायला खांब असे कलते ठेवत. दगडात त्याची काहीच गरज नव्हती, तरी कारागिरांनी ते तसेच कोरले. तिथून पुढे दक्षिणेकडे चालत राहा. बहुतेक लोक चैत्यापाशी फोटो काढून खाली उतरतात आणि उत्तम भाग त्यांच्या हातून निसटतो. आधी दगडी स्तूपांचा एक समूह लागतो. त्यातल्या काहींवर भिक्खूंची नावं कोरलेली आहेत. टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासात, रथारूढ सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. तिथेच तबल्यासारखी वाद्यजोडी वाजवणारी स्त्री आणि शेजारी नाचणारी दुसरी स्त्री दिसते. इथे घाई करू नका.

खाली उतरून गावात जेवण करा आणि उत्तरेकडे निघा. मळवली स्टेशनवरूनच पुढे जुन्या महामार्गावरच्या कार्ला फाट्याला रस्ता जातो, फाटा ओलांडला की लेण्यांचा पायथा. हा सगळा टप्पा पायी लांबतो, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर सरळ रिक्षा करा. भाडं बसण्याआधी ठरवा.

कार्ल्याच्या पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, दोन्ही बाजूंना हार-प्रसादाची दुकानं. लेण्यांच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी समाजाची आणि अनेक सीकेपी घराण्यांची ती कुलदेवता. चैत्रात आणि नवरात्रात इथे प्रचंड गर्दी होते. दर्शन घ्यायचं असेल तर रांगेचा वेळ आधीच धरून चला. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

तीन-साडेतीनपर्यंत वर पोचायलाच हवं, संध्याकाळी लेणी बंद होतात. शिवाय चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे कललेलं ऊन कमानीतून आत शिरतं आणि एरवी अंधारलेले खांब नीट दिसतात. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच अशी ही जागा एका अखंड कड्यातून कोरून काढलेली आहे. वर पाहा : छताखालच्या त्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. खांबांवर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत, काही देणगीदार स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. व्हरांड्यातल्या एका लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने (व्यापाऱ्याने) हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, उत्तम असल्याचं कोरून ठेवलंय. आत उभं राहिल्यावर त्याचं म्हणणं पटतं.

उतरल्यावर कार्ला फाट्यावरून लोणावळ्याकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा पकडा. मळवलीला लगेच लोकल असली, तरी गर्दीच्या दिवशी लोणावळ्यालाच जा. पुण्याची लोकल तिथून सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. मळवलीला चढलात तर पाय दुखत असताना उभ्याने यावं लागेल.