यादीत नाव का नाही? हॉकीच्या निवड चाचणीतल्या या चुका टाळा

मी पोरांना हॉकी शिकवतो. निवड शिबिराची यादी लागली की माझा फोन वाजायला लागतो. "सर, आमच्या पोराचं नाव कसं नाही?" पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या जाळीबाहेर, पुण्यातल्या खडकीत चहाच्या टपरीवर, सगळीकडे हाच प्रश्न. पुढचं वाक्यही ठरलेलं: "सगळं सेटिंग असतं हो." कधीकधी असेलही. पण मी पाहिलेली बहुतेक पोरं सेटिंगमुळे नाही, स्वतःच्या पायांनी बाहेर पडली.

बॉल सोडायचाच नाही

ही माझ्या खास रागाची चूक. चाचणीला एकमेकांना न ओळखणारी 22 पोरं दोन रंगांच्या बिब (जर्सीवर घालायच्या बंड्या) घालून उतरवतात. प्रत्येकाला वाटतं, आज दाखवायचं. मग डॉज, म्हणजे समोरच्याला चकवणं, अजून एक डॉज, आणि तिसऱ्याला बॉल गेला.

साधा हिशेब करा. सामना 60 मिनिटांचा, बॉल एक, खेळाडू 22. एकाच्या वाट्याला 3 मिनिटंही बॉल येत नाही. उरलेली 57 मिनिटं निवड करणारा माणूस काय आभाळ बघतो?

माझ्याकडे एक फॉरवर्ड होता. हात असे की बॉल स्टिकला डिंकाने चिकटवल्यासारखा. चाचणीत त्याने तिघांना डॉज मारला, चौथ्याने बॉल काढून घेतला, आणि हा कमरेवर हात ठेवून उभा. बाहेर आई टाळ्या वाजवतेय. असं चार वेळा झालं. चारही वेळा त्याच्यामागे उजव्या बाजूला खेळणारा राइट हाफ, एक काडीपैलवान पोरगा, धावत जाऊन त्याची उघडी पडलेली बाजू झाकत होता. माझ्या शेजारच्या निवड करणाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून पाहिलं, तर नंबर त्या हाफचा.

संध्याकाळी यादीत हाफ होता, फॉरवर्ड नव्हता. वडील माझ्यावर धावून आले. त्यांनीच काढलेला व्हिडिओ मी त्यांच्या मोबाइलवर लावला आणि म्हटलं, "डॉज बघू नका. बॉल गेल्यानंतरचे पाच सेकंद तेवढे बघा." तिसऱ्या वेळेला त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

तेव्हापासून बुधवारी मी पोरांना दोनच टचवर खेळवतो. ट्रॅप, म्हणजे येणारा बॉल स्टिकवर अडवणं, आणि पास, बस. बॉल गमावला तर पाच पावलं परत धावायचं, नाही धावला तर बाहेर. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत. रील बघून बॉल स्टिकवर ओढत गोलकडे फेकायचा ड्रॅग फ्लिक शिकायला निघालेल्या पोराला धड ट्रॅप येत नसतो, त्याला माझ्याकडे औषध नाही.

मातीतून थेट टर्फवर

आपल्याकडे अजून बरीच पोरं मातीवर वाढतात. मातीवर बॉल उडतो, अडखळतो, त्यामुळे स्टिक घट्ट धरायची सवय लागते. पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तोच बॉल खाली बसून सरळ, वेगात येतो; घट्ट हातांवर आदळतो आणि दोन हात लांब जातो. पहिलाच ट्रॅप सुटला की पोराचा चेहरा पडतो. चाचणीआधी निदान दोन-तीन आठवडे कुठूनतरी टर्फ मिळवा, पहाटेचा स्लॉट असला तरी चालेल. नाहीच मिळाला तर मी पोरांकडून पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर भिंतीला बॉल मारून घेतो. उलटून येणारा बॉल सैल हाताने अडवायचा, रोज शंभर वेळा. हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण उपयोग होतो.

चाचणीच्या दिवशी निवड होते, हा समज

निमंत्रणाच्या शिबिराची नावं बऱ्याचदा आधीच्या सामन्यांत हेरलेली असतात. लीगच्या सकाळच्या सामन्याला, रिकाम्या स्टँडमध्ये कोणीतरी टोपी घालून बसलेलं असतं. हॉकीत खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. बाहेर बोलावल्यावर स्टिक आपटणारा पोरगा त्या टोपीवाल्याला बरोबर दिसतो.

कागदपत्रं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. हॉकी इंडियाची, म्हणजे देशाच्या हॉकी संघटनेची, नोंदणी आदल्या रात्री करू नका. वय चोरू नका. मनगटाच्या एक्स-रेतून हाडाचं वय कळतं.

नवी स्टिक. चाचणीला कोरी स्टिक म्हणजे लग्नात नवे बूट. त्यावर कोणीतरी सांगतंच, "धनराज पिल्ले तर मोडक्या स्टिकने शिकले." खरंय, भारताचे हे माजी कर्णधार खडकीतच शिकले. शिकले म्हणजे रोज खेळले. सांगणारे नेमकं तेवढंच विसरतात.

जाळीला लटकलेले बाबा. "मार, मार!" ओरडू नका. पोरगा मारतो, तेही पास द्यायच्या जागी.

पैसे भरून निमंत्रण

व्हॉट्सॲपवर पत्र येतं: "तुमच्या मुलाची खास निवड झाली आहे", खाली बँकेचा खाते क्रमांक. गेल्या वर्षी एका पालकांनी असे पैसे भरले. पोरगं चार दिवस फिरून आलं, टी-शर्ट मिळाला, सामने आपल्यासारख्याच पैसे भरलेल्या पोरांशी. खऱ्या शिबिरालाही कधी खर्च येतो, त्यामुळे नुसत्या फीवरून ओळखू नका. फोन करून एकच विचारा: माझ्या पोराला तुम्ही कुठल्या सामन्यात पाहिलंत, तो कुठल्या जागेवर खेळत होता? मी त्या पालकांच्या समोरच फोन लावला होता. पलीकडचा म्हणाला, "फॉरवर्डला छान खेळतो." त्यांचा पोरगा गोलकीपर आहे.