गणपतीच्या ऑर्केस्ट्रासाठी गिटारवाल्याची तयारी (एक अँप, दोन पेडल, बस)

इंदूरच्या मंडळांमध्ये ऑर्केस्ट्राच्या तारखा ठरायला लागल्या की नवीन पोरं विचारतात, दादा कुठलं पेडल घेऊ, कुठला प्रोसेसर घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. जास्तीचं काही घेऊ नकोस. गिटार, ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा फाडून जाड करणारं पेडल), एक डिले (आवाजाचा पडसाद देणारं पेडल) आणि एक अँप, एवढ्यावर राजवाड्याच्या गल्लीतल्या मांडवातसुद्धा मस्त टोन निघतो, पण मांडवात जाऊन शोधत बसलास तर नाही निघणार, त्यातला बराचसा घरीच ठरवून न्यावा लागतो.

सुरुवात तारांपासून. शोच्या दोन दिवस आधी बदल, त्याच दिवशी बदलल्या तर पहिल्याच गाण्यात उतरतात. नवीन तार चढवली की हाताने हळूच ओढायची, परत सुरात आणायची, परत ओढायची, सूर हलेनासा झाला की मग पुढची. गेज (तारेची जाडी, इंचात) रोज वाजवतोस तोच ठेव, ०.००९ वरून ०.०१० वर गेलास तर ताण वाढतो, नेक हलतो, इंटोनेशन (नेकवर वरपर्यंत सूर बरोबर बसणं) नव्याने लावावं लागतं आणि हे शोच्या आठवड्यात करायचं काम नाही. जॅकचा नट ढिला असेल तर कस, व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मार. आणि हो, बँडमध्ये पेटी असेल तर आधी तिच्याशी सूर मिळवून बघ, ती दर वेळी ४४० हर्ट्झवरच (ए सुराचं नेहमीचं माप) असेल असं नाही आणि ऐनवेळी ती काही हलणार नाही, हलायचं आपणच. बऱ्याच ट्यूनरमध्ये ४४० चं ४४२ करता येतं, कसं करायचं ते घरी बघून ठेव.

केबल पाच-सहा मीटरची पुरते. साध्या केबलमध्ये मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतं, म्हणजे जितकी लांब तितका वरचा तजेला ती खाऊन टाकते, त्यात पॅसिव्ह पिकअप (बॅटरीशिवाय तारांचा आवाज उचलणारे) असले की जास्तच. प्रत्येक केबल लावून टोकाशी हलवून बघ, खर्र वाजली की ती बॅगेतच जायला नको.

पेडलच्या पॉवरचं नीट ऐक. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या प्लगमध्ये मधला भाग निगेटिव्ह असतो, जेल रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या राउटरच्या ॲडॅप्टरमध्ये बहुतेक उलटा, मधला पॉझिटिव्ह. खोका बघून घेऊ नकोस, ॲडॅप्टरवर छापलेलं चिन्ह बघ, नाहीतर पेडल गेलंच समज. साधं ओव्हरड्राइव्ह जेमतेम १० मिलीॲम्पियर ओढतं, डिजिटल डिले मात्र शंभरावर जाऊ शकतो, तेव्हा एकाच ॲडॅप्टरवर सगळे लोंबकळत ठेवणार असशील तर बेरीज करून बघ.

आता सेटिंग, खरी गंमत इथेच आहे. घरी हळू आवाजात बसवलेला टोन स्टेजवर का फसतो याचं कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असताना खर्ज आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी कानाला कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड पाडतो, एकटं वाजवताना ते भारीही वाटतं आणि स्टेजवर आवाज वाढला की तोच बेस गडगडायला लागतो, तोच ट्रेबल कानात घुसतो आणि मिड नसल्यामुळे गिटार बँडमध्ये गायबच. खर्जाची जागा बेसवाल्याची आणि किक ड्रमची, वरची चमक झांजांची, आपल्या वाट्याला मधली जागा येते, ती सोडायची नाही. मग करायचं काय, तर बेस अर्ध्याच्या खाली, मिड अर्ध्याच्या वर, ट्रेबल कानाला बघून, आणि गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) घरी ठेवतोस त्याच्या निम्मा. निम्मा म्हटलं की पोरांचं तोंड पडतं, पण जास्त गेनने आवाज दाबला जातो, कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात आणि लोकांना नुसती घुंई ऐकू येते.

ओव्हरड्राइव्हचं ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेव, म्हणजे ते दाबलं की गिटार थोडी पुढे येते. ऱ्हिदमला गिटारचा व्हॉल्यूम सातवर, सोलोला दहावर, ही सवय घरीच लाव. सोलोसाठी वेगळा बूस्ट (आवाज वाढवणारं पेडल) कुणी उसना दिलाच तर तो ओव्हरड्राइव्हच्या नंतर लाव, आधी लावला तर आवाज फारसा वाढत नाही, फक्त फरफर वाढते. डिले सगळ्यात शेवटी, रिपीट दोन-तीन आणि हळू. टेम्पो १२० असेल तर एक मात्रा ५०० मिलीसेकंदाची, त्या हिशोबाने बसव. रिव्हर्ब मी तर लावतच नाही, मांडवाच्या पत्र्यातून येतो तेवढा पुरे. आणि गायक गात असताना हात आवर, हे लतादीदींचं जन्मगाव आहे, लोक गाण्याला आलेत.

स्टेजवर पोचलास की सगळ्यात आधी वीज. जनरेटर आहे का, बोर्डला अर्थिंग आहे का, अँप आणि मिक्सर एकाच लाइनवर आहेत का, साउंडवाल्या भियाला हे विचारायला लाजू नकोस. वेगवेगळ्या ठिकाणून पॉवर घेतली तर घूंऽऽ येतो, पण ते किरकोळ, खरा धोका शॉकचा. घूं घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच, त्याला नमस्कार करून पुढे हो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला लेस हार्वी नावाचा गिटारवादक अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लावून शॉकने स्टेजवरच मेला. कोरस गायला माइकजवळ तोंड नेण्याआधी माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारेला टेस्टर लावायचा, दिवा लागला तर वाजवायचंच नाही. लाइटच्या माळा आणि डिमरमुळे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप कुरकुरतात, तेव्हा मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर गिटारवरचा पिकअपचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी टाक, गुणगुण बरीच कमी होते.

अँप जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभा राहिलास तर तो गुडघ्यांना ऐकू येतो, कानाला नाही, मग आपण ट्रेबल चढवत जातो आणि पहिल्या रांगेतल्या काकांना त्रास. स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. मंडपाची एक खुर्ची घे, अँप तिच्यावर जरा मागे कलता ठेव. माइक साधा डायनॅमिक चालतो, अँपच्या जाळीपासून दोन-तीन बोटांवर, मधोमध नको, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेशी धर, अजून तिखट वाटला तर आणखी बाहेर सरकव. नॉब फिरवण्याआधी माइक सरकवून बघ, अर्ध्या इंचाने फरक पडतो. मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायला सांग, आपली सगळ्यात जाड तारच ८२ हर्ट्झची आहे, तिच्याखाली गिटारचं काही नाही.

अँप आणणं जमत नसेल तर ओव्हरड्राइव्ह थेट मिक्सरमध्ये नको, मधमाश्या वाजतील. गिटार अँपचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं गाळतो, तो गाळणारा कुणी नसेल तर कॅब सिम्युलेशनचं (अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं) छोटं पेडल लागतं, तेही नसेल तर मिक्सरवर वरचं कापून घे.

साउंडचेक ड्रमरसकट कर, खऱ्या जोरात कर, एकट्याचा केलेला काही कामाचा नाही. रिकाम्या हॉलमध्ये जास्त घुमतं, माणसं बसली की कमी होतं, म्हणून चेकला जरा तिखट वाटलं तरी लगेच पाडू नकोस.

बॅगेत जादा तारा (सगळ्यात बारीक दोन तर दोन-दोन), केबल, पिक, ९ व्होल्टची बॅटरी, अँपचा फ्यूज तितक्याच ॲम्पियरचा, पेचकस, ॲलन की, चिकटपट्टी, टॉर्च, आणि पावसाचे दिवस असल्याने पेडल झाकायला जाड प्लास्टिक. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी गिटार केसमधून काढून ठेव म्हणजे तिथल्या हवेला ती बसते, मग ट्यून कर, व्हॉल्यूम शून्यावर ने, आणि मोबाइल खिशातून काढून कुणाकडे तरी दे, पिकअपजवळ तो टर्र टर्र करतो आणि तेव्हाच नेमका घरून फोन येतो.